आपली कथा चारचौघांत

लेखन एकांतात घडते, आणि छापलेली कथाही बहुधा एकांतातच वाचली जाते. लेखक आणि वाचक यांची दृष्टभेट होत नाही. कथा आवडली नाही तर वाचक अंक मिटून ठेवतो; लेखकाला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु तोच लेखक हातात कागद घेऊन चारचौघांसमोर उभा राहतो आणि आपली कथा आपल्याच तोंडाने वाचू लागतो, तेव्हा मधला पडदा दूर होतो. कोण जांभई देतो, कोण घड्याळाकडे पाहतो, कोणाचे डोळे भरून येतात, हे सारे त्याला समोर दिसते. ज्याने हे प्रथमच केले त्याचे हात थरथरले नाहीत असे क्वचितच घडते.

आपल्या धर्मग्रामांतून नाताळच्या स्नेहमेळाव्यात, चर्चच्या सणाला, युवकांच्या संमेलनात अशी कथावाचने होतात. वाचणारा पुष्कळदा नवखा असतो. टाळ्या पडतात, पुष्पगुच्छ दिला जातो, चहापान होते. वाचनाची समीक्षा मात्र होत नाही. छापील कथेचे गुणदोष आपण सांगतो. वाचून दाखवलेल्या कथेविषयी 'छान वाचलंस' यापलीकडे जात नाही. वास्तविक हा एक स्वतंत्र वाङ्मयव्यवहार आहे आणि त्याला त्याची स्वतःची शिस्त आहे. ती शिस्त कोणती, तिचे आदर्श कोठे शोधावेत आणि आपल्या समाजाच्या लेखकाला त्यातून काय मिळवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मोठ्याने वाचणे हा प्रकार नवा नाही. मनातल्या मनात वाचणे हाच तुलनेने नवा आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या सहाव्या भागात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्याविषयी सांगितले आहे. अँब्रोज ओठ न हलवता वाचत, आणि भेटीस आलेल्या मंडळींना ते पाहून त्यामागचे कारण शोधावेसे वाटे, इतकी ती गोष्ट लक्षणीय होती. चौथ्या शतकातली ही हकीकत. पुस्तक म्हणजे ऐकण्याची वस्तू, हाच त्या काळचा सर्वसाधारण अनुभव होता.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभही कानापासूनच झाला. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. साष्टीच्या चर्चमधून तो रविवारी व सणावारी जमलेल्या भाविकांना वाचून दाखवला जाई. म्हणून फादर स्टीफन्स यांनी ग्रंथाची भाषा मराठी ठेवली, पण ऐकणाऱ्याला अडखळायला होऊ नये यासाठी तेथील कोकणी बोलीतले शब्द तिच्यात मिसळले. पंडित काय म्हणतील यापेक्षा समोर बसलेल्या माणसाला काय ऐकू येईल, हा विचार त्यांनी आधी केला. 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही वेळच्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि त्याचे पठण करणाऱ्या कुटुंबांमुळे.

आपला सोलापूर जिल्हा तर श्रवणाचाच प्रदेश. पंढरपुरात वारकरी कीर्तनकार संतांचा अभंग निरूपणासाठी घेतो. नारदीय कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो. घरोघरी पोथी लागते. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, प्रॉटेस्टंट बंधूंनी हाच बाज घेऊन ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा निर्माण केली. श्रोतृवर्ग म्हणून आपण कच्चे नाही. परंतु या सर्व परंपरांत एक गोष्ट समान आहे: सांगणारा स्वतःचे काही सांगत नाही. अभंग संतांचा असतो, आख्यान पुराणातले असते, शुभवर्तमान प्रभूचे असते. कीर्तन रंगले नाही तर कीर्तनकाराचा गळा बसला होता असे म्हणता येते. अभंगाला कोणी नावे ठेवीत नाही. स्वतःची कथा वाचणाऱ्याला हा आसरा नाही. शब्दही त्याचे आणि आवाजही त्याचा. श्रोते कंटाळले तर दोष कोणाला द्यायचा?

या निराधार जागी उभे राहण्याचे धाडस मराठीत ज्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर आणि यशस्वीपणे केले, त्यांत तीन नावे ठळक आहेत: व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. 1960च्या दशकात या तिघांनी एकत्रित कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले आणि महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतून लोकांना लेखकाच्या तोंडून कथा ऐकण्याची गोडी लावली. माडगूळकर माणदेशातले, पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे, आणि मिरासदार तर आपल्याच जिल्ह्यातले, अकलूजचे. पुढे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर 1983 साली अंबाजोगाईस, पाटील 1985 साली नांदेडला, आणि मिरासदार 1998 साली परळीस. आता तिघेही हयात नाहीत. पाटील 1994 साली गेले, माडगूळकर 2001 साली, मिरासदार 2021 साली. पण 'कथाकथन' म्हटले की मराठी श्रोत्याच्या कानाला आजही त्यांचेच वळण आठवते.

या यशाचे मर्म कशात होते? वरवर पाहणारा म्हणेल, विनोदात. ते अर्धसत्य आहे. मिरासदारांचा विनोद हा गप्पिष्ट माणसाचा विनोद आहे. पारावर बसलेला कोणी बढाई मारू लागतो, दुसरा तीत भर घालतो आणि थाप हळूहळू वास्तवाचे रूप घेते. 'भुताचा जन्म' या त्यांच्या कथेचे नावच पुरेसे बोलके आहे. अशी कथा मुळात बोलण्यातूनच जन्मलेली असते. ती मोठ्याने वाचणे म्हणजे तिला माहेरी नेणे. शंकर पाटलांची कथा संवादावर चालते. गावातला माणूस एक बोलतो आणि दुसरेच सुचवतो. ते सुचवणे आवाजाच्या चढउतारात अधिक स्पष्ट होते. माडगूळकरांचे मात्र निराळे आहे. 1949 सालच्या 'माणदेशी माणसं'पासून त्यांचे गद्य अल्पाक्षरी आहे. भाष्य नाही, हळहळ नाही. माणूस समोर उभा करायचा आणि आपण बाजूला व्हायचे. अनेक वर्षे ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहत होते. न दिसणाऱ्या, शेतावरून परतलेल्या श्रोत्याला वाक्य एकाच ऐकण्यात कळले पाहिजे, ही शिस्त त्या कामात अटळ असते. अशा गद्याला वाचणाऱ्याने फारसे काही करावे लागत नाही. ते स्वच्छ उच्चारले तरी पुरे.

तेव्हा तिघांच्या पद्धती तीन आहेत. समान धागा इतकाच की तिघांच्याही कथा छापील पानावर स्वतःच्या पायावर उभ्या होत्या. आवाजाने त्यांना सजवले. आवाजाने त्यांना जगवले नाही. आज लेखक नसतानाही त्या कथा वाचल्या जातात, हाच त्याचा पुरावा.

या परंपरेचा पुढचा परिणाम मात्र सर्वस्वी हितकारक झाला असे म्हणवत नाही. कथाकथन म्हणजे हशा, असे समीकरण श्रोत्यांच्या आणि नवोदितांच्या मनात रुजले. नवा लेखक प्रथमच वाचायला उभा राहतो. दुसऱ्या परिच्छेदात अनपेक्षितपणे हशा येतो आणि त्या क्षणी त्याला वाटते, जमले. मग तो त्या हशामागे धावू लागतो. पात्राच्या बोलण्याला हेल देतो, तोतरेपणाची नक्कल करतो, नसलेली वाक्ये ऐनवेळी घालतो. पुढची कथा लिहितानाच तो हशाच्या जागा पेरू लागतो. श्रोत्यांनी दिलेले पारितोषिक असे लेखकाची दिशा बदलून टाकते. येथे तीन प्रकारांतला भेद समजून घेणे उपयोगी पडेल. लिहिलेले जसेच्या तसे, आवाजाच्या मर्यादित साहाय्याने वाचणे हे अभिवाचन. कथा आत्मसात करून श्रोत्यांच्या कलाने सांगणे हे कथाकथन. आणि पात्रेच अंगात आणून रंगमंचावर उभी करणे हा एकपात्री प्रयोग. 'बटाट्याची चाळ'मध्ये पु. ल. देशपांडे यांनी तो कळसाला नेला. तिन्ही प्रकार आपापल्या जागी थोर आहेत. परंतु पहिल्यांदा वाचणाऱ्याने अभिवाचनाची पायरी गाळून थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतली, तर पाय मोडतो तो कथेचा.

याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी दिसतात. धारवाडला राहून त्यांनी सभासंमेलने कटाक्षाने टाळली. त्यांचे स्मरण अशासाठी करावयाचे, की लेखकाने लोकांसमोर वाचलेच पाहिजे असा काही दंडक नाही. जी कथा रात्रीच्या निवांतपणी एकट्यानेच वाचायची आहे, ती शंभर जणांच्या मेळाव्यात, मागच्या रांगेत मुले खेळत असताना वाचणे हा त्या कथेवर अन्याय आहे. कोणती कथा वाचायची आणि कोणती वाचायची नाही, हा निर्णयसुद्धा लेखनशक्तीचाच भाग होय.

पाश्चात्त्य वाङ्मयात स्वतःच्या कथेच्या जाहीर वाचनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चार्ल्स डिकन्स यांचे आहे, आणि ते नाताळाशीच निगडित आहे. 'अ ख्रिसमस कॅरल' 1843च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिचे पहिले जाहीर वाचन डिकन्स यांनी तब्बल दहा वर्षांनी, 27 डिसेंबर 1853 रोजी, बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी केले. वाचन सुमारे तीन तास चालले. त्याच आठवड्यातले 30 डिसेंबरचे वाचन कामगारांसाठी स्वस्त दरात ठेवावे असा त्यांनी स्वतः आग्रह धरला होता. 1858 पासून मानधन घेऊन ते वाचू लागले, आणि मार्च 1870 मधल्या शेवटच्या वाचनानंतर तीनच महिन्यांत त्यांचे निधन झाले. या वाचनांच्या श्रमांनी त्यांची प्रकृती खालावली होती.

या उदाहरणातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला असा, की डिकन्स यांच्यासारखा जगन्मान्य लेखकही आपला मजकूर वाचनासाठी कापत असे. वाचनाच्या प्रतीत ते ओळीच्या ओळी खोडत आणि समासात खुणा करून ठेवत. छापलेले शब्द पवित्र आहेत, त्यांना हात लावायचा नाही, असा अहंकार त्यांनी धरला नाही. दुसरा धडा असा, की जाहीर वाचनाच्या कितीतरी आधी, 1844च्या डिसेंबरात, त्यांनी 'द चाइम्स' ही नवी कथा मोजक्या मित्रांना घरात वाचून दाखवली होती. आधी घर, मग सभागृह. आपल्याकडे नवखा लेखक नेमका उलटा क्रम धरतो. पत्नीला किंवा भावाला वाचून दाखवायला त्याला संकोच वाटतो, आणि पहिले मोठ्याने वाचन तो एकदम ध्वनिक्षेपकासमोर करतो.

मोठ्याने वाचताना काय सापडते, ते उदाहरणाने पाहू. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. डोळ्यांना त्याची अडचण नाही. नजर पुढे धावून क्रियापद पकडते. कानाला तशी सोय नाही. समजा, कथेत असे वाक्य आहे: 'गेल्या पावसाळ्यात ज्याच्या घराची भिंत पडली होती आणि दोन्ही मुलगे पुण्यास गेल्यामुळे जो एकटाच राहत होता, त्या गिरणीतून निवृत्त झालेल्या सायमन जॉबरने दार उघडले.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. परंतु दार कोणी उघडले हे कळेपर्यंत ऐकणारा भिंतीपाशीच थांबलेला असतो. हेच वाक्य कानासाठी असे होईल: 'सायमन जॉबरने दार उघडले. गिरणी सुटून पुष्कळ वर्षे झाली होती. मुलगे पुण्याला. घरात तो एकटा. गेल्या पावसाळ्यात पडलेली भिंत अजून तशीच.' माहिती तीच आहे. परंतु दुसऱ्या रूपात माणूस आधी भेटतो आणि त्याचे दैन्य मागून येते. कीर्तनकार कथा सांगताना क्रियापद पुढे ओढून घेतो तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट संवादाची. छापील कथेत आधी अवतरणचिन्हातले बोलणे आणि मग 'असे तो म्हणाला' हे चालते. अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. कोण बोलतो आहे हे आधी कळले नाही तर दोन-तीन संवादांतच श्रोता वाट चुकतो. तिसरी गोष्ट 'होता, होती, होते' यांची. पानावर ती खुपत नाहीत. वाचताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच ठोका पडू लागतो, आणि लेखकाचे त्याच्याच कानांना ऐकवेनासे होते. चौथी गोष्ट लांबीची. सावकाश, स्पष्ट वाचले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे अडीच हजार शब्दांच्या कथेला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. दहा मिनिटे दिलेली असताना अशी कथा भरधाव वाचून संपवणे हा श्रोत्यांचाही अवमान आहे आणि कथेचाही. त्यापेक्षा आधीच घरी बसून निम्मी करावी. जे वाक्य वाचताना गाळावेसे वाटते, ते पुष्कळदा लिहितानाच गाळायला हवे होते असे ध्यानात येते. म्हणून म्हणतो, पहिले मोठ्याने वाचन हा लेखनाचाच अखेरचा टप्पा मानावा.

हे झाले मजकुराविषयी. आता आवाजाविषयी. आपल्या समाजातल्या नवलेखकाच्या कानात दोन आवाज तयार असतात. एक रंगमंचावरचा, ज्याचा उल्लेख वर केला. दुसरा प्रवचनपीठावरचा. लहानपणापासून दर रविवारी ऐकलेला तो आवाज नकळत त्याच्या वाचनात उतरतो. शब्द लांबतात, शेवटचा परिच्छेद गंभीर होतो आणि कथेतली आई अचानक उपदेश करू लागते. प्रवचनशास्त्र सेमिनरीत शिकलेल्या माझ्यासारख्याने हे सांगणे विचित्र वाटेल, परंतु कथा हे प्रवचन नव्हे. प्रवचनकाराला ऐकणाऱ्याला एका निश्चित ठिकाणी न्यायचे असते. कथाकाराने त्याला दारापर्यंत सोबत करावी आणि पुढे एकट्याला जाऊ द्यावे.

मग तिसरा आवाज कोणता? तो आपल्याच उपासनेत आहे आणि त्याकडे आपले दुर्लक्ष होते. तो म्हणजे मिस्सामधील वाचकाचा. पोप सहावे पॉल यांनी 1972 साली वाचकाचे पद प्रापंचिक पुरुषांसाठी एक सेवाकार्य म्हणून खुले केले, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली ते स्त्रियांनाही विधिवत दिले. चांगला वाचक काय करतो? तो उतारा आधी घरी वाचून येतो. तो रडत नाही, रडवत नाही. यिर्मयाचा आक्रोश वाचताना तो यिर्मया होत नाही, आणि तरीही सपाट, निर्जीव वाचत नाही. शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे एवढेच आपले काम आहे हे तो जाणतो, आणि वाचून झाल्यावर आपल्या जागेवर जाऊन बसतो. कथा आपली असली तरी ती याच वृत्तीने वाचता येते का, ही प्रथम वाचणाऱ्याची खरी कसोटी आहे. अर्थात पवित्र शास्त्र आणि आपली कथा यांची बरोबरी कोणी करू नये. साम्य आहे ते सेवकभावात. लिहिताना मी कथेचा धनी होतो. वाचताना मी तिचा सेवक आहे. धनीपण सोडता आले की हातांची थरथर थोडी कमी होते, कारण लोक मला पाहायला नव्हे तर कथा ऐकायला आलेले असतात.

परंतु आपल्याच माणसांत वाचण्यात याहून कठीण अशी एक गोष्ट आहे. कथेतली माणसे कोठून येतात? ती आपल्याच आळीतून, आपल्याच चर्चच्या बाकांवरून येतात. पुण्या-मुंबईच्या मासिकात कथा छापली तर ती माणसे बहुधा वाचत नाहीत. धर्मग्रामाच्या सभागृहात मात्र तिसऱ्या रांगेत तीच बसलेली असतात. जावयाने सोडलेली मुलगी जिच्या घरी आहे ती आई, दारू सुटलेला आणि पुन्हा लागलेला तो भाऊ. लेखक वाचू लागतो आणि शेजारी एकमेकांना कोपराने ढोसतात: हा अमुकच ना? येथे साहित्याचा प्रश्न नीतीचा होतो.

या प्रश्नाचे उत्तर जुन्या करारातल्या एका कथाकथनात आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो आणि त्याला एक गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकुलती एक कोकरी होती. शेजारच्या श्रीमंताने आपली मेंढरे राखून तीच कापली. राजा संतापतो, त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावतो, आणि तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो श्रीमंत तूच आहेस. कथेचा नायक समोर बसलेला असताना सांगितलेली ही कथा आहे, आणि तिच्यात राजा नाही, बथशेबा नाही, उरीया नाही, युद्ध नाही. बाहेरची सर्व खूण नाथानाने पुसून टाकली आहे. आतले सत्य तेवढे ठेवले आहे. दरबारात त्या वेळी कोणी असते, तर गोष्ट कोणाची हे त्याला शेवटपर्यंत कळले नसते. दावीदाने मात्र त्या गोष्टीतल्या अन्यायाचा स्वतःच निवाडा केला.

कथाकाराने धरावयाचा नियम येथून मिळतो: ऐकणाऱ्याने स्वतःला ओळखावे, शेजाऱ्याने त्याला ओळखू नये. ज्या कथेत शेजाऱ्याला तो सापडतो आणि त्याला स्वतःला केवळ अपमान सापडतो, ती कथा नव्हे, चहाडी होय. आणि ही परीक्षा लिहिण्याच्या टेबलावर पुरी होत नाही. त्या आईकडे पाहून हे वाक्य मला वाचता येईल का, असा प्रश्न वाचण्यापूर्वी स्वतःला विचारावा. येणार नसेल तर का नाही, हे तपासावे. वाक्य क्रूर असेल तर ते काढावे. पण वाक्य खरे आहे आणि केवळ माझे धैर्य कमी पडते आहे, असे आढळले तर ते ठेवावे आणि वाचावे. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशयाची गुंडाळी वाचली तेव्हा लोकांनी प्रथम कौतुक केले, आणि त्याने पुढे जे सांगितले त्यावरून त्याच लोकांनी त्याला डोंगराच्या कड्यापर्यंत ढकलत नेले. स्वतःच्या गावात वाचणाऱ्याने केवळ कौतुकाचीच अपेक्षा धरू नये. करुणा आणि भीड यांतला फरक ज्याला कळला, त्यालाच आपल्या माणसांविषयी आपल्या माणसांत वाचता येते.

शेवटचा मुद्दा भाषेचा. सोलापूर हे मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा रोज ऐकू येणारे शहर. गिरण्या आणि माग यांच्यामुळे येथे नाना प्रांतांतली माणसे वसली, आणि आपले धर्मग्रामही त्याला अपवाद नाही. 'काय बे' आणि 'हितं' म्हणत वाढलेला आपला तरुण ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला की एकाएकी पुस्तकी होतो. कथेतला मागावरचा कामगारही मग पुस्तकातली भाषा बोलू लागतो. तसे होण्याचे कारण नाही. याच शहरात राहून लिहिणाऱ्या त्र्यं. वि. सरदेशमुख यांच्या 'डांगोरा: एका नगरीचा' या कादंबरीला 2003 सालचे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. आणि येथून जवळच, उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, 2020च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीला काहींचा विरोध झाला होता. तरीही मराठीच्या सर्वांत मोठ्या मंडपात एका कॅथलिक धर्मगुरूचे मराठी ऐकले गेले. 2024 साली ते निवर्तले. आपले मराठी कोणापेक्षा कमी आहे हा न्यूनगंड निदान आता तरी नसावा. फादर स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी घरची बोली ग्रंथात घेतली. आपण ती व्यासपीठावर नेण्यास बिचकू नये.

श्रोत्यांचेही काही कर्तव्य आहेच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2024 मध्ये साहित्याच्या महत्त्वाविषयी पत्र लिहिले. दुसऱ्याचा आवाज ऐकायला शिकणे हा साहित्याचा मोठा लाभ होय, अशी त्यांची भूमिका त्यात दिसते. वाचन संपल्यावर 'हा कोण, ती कोण' असे विचारू नये. लगेच टाळ्या पिटण्याऐवजी क्षणभर शांत राहण्यानेही लेखकाला पुष्कळ काही कळते. आणि दोन दिवसांनी, भेट झाली म्हणजे, कथेतले एखादे वाक्य आठवून सांगावे. नवख्या लेखकाला याहून उपयोगी पोचपावती नाही.

आपल्या बायबलमधील मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या लेखकाने कुरेनेच्या यासोनाचे पाच खंड एका ग्रंथात आणले, आणि त्या कामी किती घाम गाळावा लागला, किती रात्री जागाव्या लागल्या, हे प्रस्तावनेतच सांगितले. ग्रंथाच्या अखेरीस तो म्हणतो की रचना चांगली उतरली असेल तर तोच माझा हेतू होता, आणि सामान्य असेल तर याहून अधिक मला जमण्यासारखे नव्हते. पाणी मिसळलेला द्राक्षारस जसा गोड लागतो, तशी बेताने मांडलेली कथा कानांना गोड लागावी, अशी त्याची इच्छा आहे. प्रथमच आपली कथा वाचायला निघालेल्याने आदल्या रात्री ही दोन वचने काढून वाचावीत. मग कागद नीट क्रमाने लावावेत आणि सकाळी घरातल्या एखाद्याला बसवून कथा एकदा मोठ्याने वाचून दाखवावी.